खर्डा दोन, प्रकरण सहा: आजी इंदूरला परत आली

पुण्याहून पाकीट आलं. मागच्या वेळी सांगितलं होतं ना, माझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं छापून एका निवृत्त मुद्रितशोधक बाईंना पाठवलीत म्हणून, तेच. बाईंनी एक पैसा न घेता ओळन् ओळ वाचली, त्यासाठी त्यांना शंभर नमस्कार. पण पानं उघडली आणि माझे हातपायच गळाले. एक्केचाळीस लाल खुणा. त्यातल्या तीन माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या, त्या मान्य. उरलेल्या अडतीस कादंबरीतल्या एकट्या आजीच्या तोंडच्या वाक्यांवर.

मी लिहिलं होतं, "काय करून राहिलीस गं? पोहा थंडा होऊन राहिला." बाईंनी केलं, "काय करते आहेस गं? पोहे गार होताहेत." आणि समासात बारीक अक्षरात, ‘पोहे नेहमी अनेकवचनी.’

पुण्यात असतील. इंदुरात सकाळी सातला कागदावर मिळतो तो पोहाच, एकवचनी, वर शेव आणि जिरावन मसाला, शेजारी जिलबी. त्याचं अनेकवचन करायला कोणाला सवड नसते.

नव्याने आलेल्यांसाठी दोन ओळी. कादंबरी इंदूरच्या रामबागेतल्या एका घराची आहे, काळ १९९१ चा. सप्टेंबरात अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलची झांकी, म्हणजे चित्ररथ, निघते तिथे सुरुवात, आणि डिसेंबरात मिलला टाळं लागतं तिथे मध्य. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली आणि कामगारांच्या हातात थकलेले पैसे पडायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहेच. मी मिलचं नाव बदललंय, तारीख नाही. घरात आजी, तिचा मुलगा वसंता (मिलच्या हिशेब खात्यात), सून, दोन नातवंडं.

तर लाल खुणा. मी काय केलं असेल? मुकाट ऐकलं. आपण ‘बाहेरचे’ मराठी आहोत हा न्यूनगंड लहानपणापासून हाडात मुरलेला. सुटीत पुण्याच्या मामेबहिणी "परत म्हण ना तसं" म्हणून हसायच्या, तो आवाज अजून कानात आहे. तीन आठवडे रोज रात्री बसून एकशे बारा पानं शुद्ध केली. मग दादाला वाचायला दिली. दादा कादंबऱ्या वाचत नाही, म्हणून त्याचं मत मी फार मानते. दहा पानं वाचून म्हणाला, "आजी सदाशिव पेठेत केव्हा गेली राहायला?"

झालं. तीन आठवडे पाण्यात.

(नोव्हेंबरच्या एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायचा जो उद्योग जगभर चालायचा, रोज १,६६७ शब्द, तो मी दोनदा करून बघितलाय. त्या हिशेबाने माझे हे तीन आठवडे म्हणजे उणे पस्तीस हजार. जीएसटीची विवरणपत्रं भरून पोट भरणाऱ्या बाईला उणे आकडा फार लागतो.)

यानंतर मी जे जे उपाय केले ते सांगते, म्हणजे तुमची तरी मेहनत वाचेल. पहिला, तळटीपा. आजीचं मूळ बोलणं परत आणलं आणि खाली अर्थ दिले. सकाळच्या चहाच्या एका पानावर सतरा तळटीपा झाल्या. चहापेक्षा बशी मोठी. दुसरा उपाय मला चार दिवस फार हुशारीचा वाटला, तो म्हणजे सूनच पुण्याची करायची. तिला नवल वाटेल, ती विचारेल, वाचकाला आपोआप कळेल. चोवीसशे शब्द लिहिले. सून दर पानाला सराफ्यात उभी राहून ‘अय्या, इथे सोन्याची दुकानं बंद झाली की खाण्याची लागतात?’ असं म्हणू लागली. ती सून उरली नाही, सहल झाली. ते चोवीसशे शब्द आता ‘गाळ’ नावाच्या फाइलीत आहेत. त्या फाइलीत आता कादंबरीपेक्षा जास्त पानं आहेत, पण ते नंतर कधी.

तिसरा उपाय, निवेदनही इंदुरीत. हा मोह कोणाला झाला असेल तर हात वर करा. पहिलं पान झकास. दुसऱ्या पानावर मजा. तिसऱ्यावर माझी मलाच दाढ दुखायला लागली, कारण सगळेच ‘राहिले’ तर आजीचं ‘राहिली’ कुठे ऐकू यायचं?

मधल्या दिवसांत एक गोष्ट हाती लागली, ती इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मराठी साहित्य संमेलन इंदुरात तीनदा भरलंय, १९१७, १९३५ आणि २००१. आणि हिंदी साहित्य संमेलन इंदुरात भरलं, गांधीजी अध्यक्ष, ते १९१८ ला आणि परत १९३५ ला. म्हणजे पहिल्या खेपेला एका वर्षाच्या अंतराने, आणि दुसऱ्या खेपेला तर एकाच वर्षात, दोन्ही भाषांच्या पंगती याच गावात उठल्या. त्या गावातल्या बाईच्या तोंडात दोन्ही चवी नसतील तर काय असेल? हे मी पुण्याच्या बाईंना पत्रात लिहिलं, मग फाडलं. भांडण जिंकून प्रकरण सुधारत नाही.

आता खरी गोष्ट. गेल्या महिन्यात काकूंची भिशी आमच्याकडे होती. सगळ्यांना विचारून फोनवर रेकॉर्ड केलं, बावन्न मिनिटं. मग ते कागदावर उतरवायला सहा संध्याकाळी गेल्या. मराठी बोलून टाइप करायची सोय वापरून पाहिली. ती ‘होऊन राहिलं’चं कधी ‘होऊन राहील’ करते, कधी ‘हो उरलं’. शेवटी खजुरी बाजारातलं दोनशे पानी रजिस्टर काढलं आणि हाताने लिहिलं. हाताने लिहिल्यामुळेच कळलं, हे नक्की.

काय कळलं? काकू ‘करून राहिली’ सरसकट वापरतच नाहीत! बावन्न मिनिटांत मोजून चौदा वेळा, आणि चौदाही वेळा गोष्ट डोळ्यासमोर चाललेली. "बघ, दूध उतू जाऊन राहिलं." रोजच्या सवयीसाठी त्या सरळ ‘करते’ म्हणतात. घडून गेलेल्यासाठी ‘होऊन गेलं’, ‘विसरून गेली’. पसंत पडलं तर ‘चांगलं लागलं’. आणि मधेच पुण्याहून नणंदेचा फोन आला तर दुसऱ्याच वाक्यापासून सगळं ‘आहे’ आणि ‘नाहीये’वर. पाठ सरळ, पदर खांद्यावर. फोन ठेवला, दुधवाल्याला हाक, "भिया, कल आधा लीटर ज्यादा," आणि लगेच आमच्याकडे वळून, "हां, तर मी काय बोलून राहिले होते?"

म्हणजे माझी आजी चुकलीच होती. लाल पेनवाल्या बाई अगदीच चूक नव्हत्या. त्यांना खटकलं ते त्यांच्या कारणाने, पण खटकायला हवंच होतं. मी ‘राहिली’ जिरावनासारखी भुरभुरली होती, दिसेल त्यावर. खऱ्या बाईच्या बोलण्यात कोण ऐकतंय त्यावर वाक्य ठरतं. मी मात्र आजी इंदूरची आहे एवढं एकच ठरवून लिहीत सुटले होते.

हे कळल्यावर सहावं प्रकरण उघडलं, जे फेब्रुवारीपासून माझ्या छातीवर बसलंय. मिल बंद झाल्याची बातमी वसंता घरी सांगतो ते. आजवर नऊ वेळा लिहिलंय. कधी तो रडायचा, कधी आजी, एकदा तर पाऊस पाडला होता, डिसेंबरात. शनिवारी दहाव्यांदा बसले. आधी गेटवरचा प्रसंग, सगळा हिंदीत, कारण खात्यात सगळे हिंदीच बोलणार. दोनच ओळी ठेवल्या: "ताला पड़ गया, भिया." "पूरा?" भाषांतर नाही, टीप नाही. मग वसंता घरी येतो. आजी तांदूळ निवडतेय, विचारते, "आज लवकर येऊन गेलास?"

आणि तो म्हणतो, "आई, मिल बंद झाली आहे."

एवढंच. आजीचा हात ताटात थांबतो. मुलगा आपल्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलला, फोनवर पुण्याच्या आत्याशी बोलतात तसं. तिला मिलचं कळायच्या आधी ते कळतं. खाली मी एक ओळ लिहिली होती, ‘त्याच्या भाषेतला बदल तिला जाणवला’, ती लगेच खोडली. तुम्ही असता तर मारलं असतंत.

मग सोमवारी एक बोनस. मिल बंद होऊन महिना झालाय, शेजारीण विचारते वसंता काय करतो. आजी म्हणते, "अजून मिलची वाट पाहून राहिलाय." आमच्याकडे त्याचा अर्थ नुसता ‘पाहतोय’. पुण्याचा वाचक त्यात ‘राहिलाय’ वेगळं ऐकेल, थांबून राहिलाय, तिथेच राहिलाय. दोघांचं वाचन वेगळं आणि दोन्ही बरोबर. हे मी जुळवलेलं नाही, आयतं मिळालं. त्या दिवशी विवरणपत्रं तशीच टाकून सराफ्यात जाऊन एकटीने गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ले.

अवजारांचं थोडक्यात. परदेशी कादंबरी-सॉफ्टवेअर मी पैसे भरून घेतलं होतं. प्रकरणांची कार्डं मांडायला छान, पण मी दोन महिने कार्डांचे रंगच बदलत बसले. आता लिबरऑफिस आणि रजिस्टर. छापायला देणार असाल तर फाइल पीडीएफ करूनच न्या, फॉन्ट आत घालून. इथल्या एका दुकानात उघडी फाइल दिली तर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्‍या’ झालं, आणि ‘ळ’च्या जागी चौकोन. आजीचं ‘सकाळी’ म्हणजे सका-चौकोन-ई. पाकिटातल्या तीन खुणांपैकी एक त्याचीच होती असं आता वाटतंय, म्हणजे दोनच माझ्या.

हे लिहितालिहिताच एक डोक्यात आलंय. आजीचा जन्म मी १९२२ धरला होता, काही कारण नव्हतं, नुसता आकडा. तो १९१८ केला तर? वडील आदल्या वर्षी मराठी संमेलनाला जाऊन आलेले, आणि मुलगी जन्मली तेव्हा गाव हिंदी संमेलनाने भरलेलं. सतराव्या वर्षी, १९३५ ला, लग्न. दोन्ही संमेलनं परत गावात, पाहुणे कोणत्या मांडवाचे हेच कळेना. कादंबरीत ती त्र्याहत्तरची होईल, म्हणजे चौथ्या प्रकरणात माळ्यावर चढते ते आता जमायचं नाही. नातीला चढवते आणि खालून आजी सूचना देईल. खरं तर हे जास्त बरं, वर काय दिसतंय ते नातीला ओरडून सांगावं लागेल, आणि नात बोलते शाळेतली हिंदी. म्हणजे चौथं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून. हरकत नाही. नव्हे, आहे, पण करते.

पुण्याच्या बाईंना सहावं प्रकरण पाठवतेय, सोबत एकाच ओळीची चिठ्ठी: वसंताचं ‘आहे’ सोडून बाकी काहीही खोडा.

आणि एक काम आहे. १९३५ च्या आसपासची इंदूरची लग्नपत्रिका कोणाच्या घरी असेल तर भाषा बघायची आहे. फोटो चालेल, नावं झाकून पाठवा.