वय किती होतं?

आज जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. गावाहून कालच परतल्यात. आत्या गेल्याचं कळल्यावर त्यांचा चेहरा एकदम उतरला, त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "वय किती होतं गं?" म्हटलं, ९३. झालं. हात सुटला. "मग सोनंच झालं म्हणायचं," म्हणाल्या, आणि वर पाणी आलंय का ते विचारून पुढे गेल्या.

त्यांचं काही चुकलं नाही. ती गेल्यापासून सगळे हेच म्हणताहेत. अंथरुणाला खिळली नाही, कुणाकडून करून घ्यावं लागलं नाही, भरल्या घरातून गेली. मी मान डोलावते. घरात येऊन दार लावलं की मात्र घसा दुखायला लागतो. वय ऐकलं की समोरच्याचा चेहरा सैल होतो, तो मला बघवत नाही. जणू एवढी वर्षं मिळाल्यावर आणखी रडणं म्हणजे हावरटपणाच.

पण मला खरंच कळत नाही, ती जास्त वर्षं होती म्हणून मला कमी का वाटावं? माझा एकही दिवस ती नसलेला गेलेला नाही. बाबा गेले तेव्हासुद्धा ती होती. आता ते सांगायलाही कुणी... असू दे.

विशीत ती टेलिफोनमध्ये लागली, ट्रंक बोर्डावर, परगावचे कॉल जोडून द्यायला. समोर छिद्रांची भिंत, हातात दोऱ्या, कानावर हेडसेट. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, असे घाईप्रमाणे कॉलचे प्रकार. लाइटनिंगचे पैसे ऐकूनच लोक फोन ठेवायचे म्हणे. मुंबईचे नंबर सहा आकडी झाले, सात आकडी झाले, पुढे आठ. तिला नातेवाइकांचे सगळे पाठ. हेडसेटच्या पट्टीने डोक्यावर मधोमध केस दबून एक आडवी खाच पडली होती. रिटायर होऊन पस्तीस वर्षं झाली तरी तेल लावताना बोटाला ती लागायची. मी लावायचे तेल, रविवारी. "जोर लाव जरा, जेवली नाहीस का?" म्हणायची.

रात्रपाळी करून पहाटेच्या लोकलने गोरेगावला यायची आणि न झोपता बायकांना गोळा करायला निघायची. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार समिती झाली. पुढे मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या मागे हजारो बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यात ही होती. रॉकेल नाही, साखर नाही, तेल नाही. सरकारी नोकरी असताना मोर्चाला जायचं म्हणजे आजोबांचा जीव वर-खाली व्हायचा. ती म्हणायची, "लाटणं माझं, थाळी माझी, सुट्टी माझी." ते लाटणं अजून ओट्याच्या ड्रॉवरमध्ये आहे. एका टोकाला थोडं टवका उडालेलं. थाळीवर आपटून की आमच्यापैकी कुणी पाडलं म्हणून, कोण जाणे. ती स्वतः मात्र मोर्चाचंच सांगायची. पोळ्या शेवटपर्यंत त्याच लाटण्यावर.

आणीबाणीत रात्री घरी कोण येऊन राहायचं, ते तिने कधीच सांगितलं नाही. पाण्याच्या मोर्चांमुळे मृणालताईंना पाणीवाली बाई म्हणायचे. ७७ साली त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा मात्र "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" हे सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं गॅलरीतून ओरडली होती. आईला नवीन लग्नात या नणंदेचं फार दडपण होतं. तो विषय वेगळा.

लिहिता लिहिता एक आठवलं आणि मघापासून तिथेच अडकलेय. जुलै २०१२, मृणालताई गेल्या तेव्हाचं. आत्या स्वतः ऐंशीच्या पुढची. दिवसभर जेवली नाही. पदर तोंडाला लावून हुंदके देऊन रडत होती, लहान मुलीसारखी. मीच तिला समजवायला गेले, "आत्या, अगं ८४ वर्षांच्या होत्या, वय झालं होतं." तिने पदर बाजूला केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वय झालं म्हणून काय? मला नको होत्या जायला." पुन्हा रडायला लागली. मला तेव्हा काही सुचलं नाही, मी चहा टाकायला उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी भाजीला गेली आणि गवार महाग झाल्यावरून भाजीवाल्याशी भांडून आली.

म्हणजे तिला चालायचं हे. रडायचं आणि गवारही आणायची. मग मला कुणाची परवानगी हवी आहे? काकूंनी हात सोडला तर सोडला. त्यांना पाण्याची काळजी होती, टाकी भरली नव्हती. आत्यानेही आधी पाणीच बघितलं असतं, अर्धी हयात पाण्याच्या मोर्चांत गेलेली बाई.

२०२४ मध्ये २० मे ला लोकसभेचं मतदान होतं. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरून मत द्यायची सोय होती. तिने तो फॉर्म भरूच दिला नाही. त्या उकाड्यात माझ्या दंडाला धरून शाळेपर्यंत चालत आली. लोकांनी पुढे जायला सांगितलं तर म्हणाली, "रांग आहे ना, मग रांगेत." शेवटी पोलिसाने खुर्ची आणून दिली, ती खुर्ची रांगेतच सरकवत नेली. बाहेर आल्यावर शाई लावलेलं बोट माझ्या नाकासमोर धरून विचारलं, "महापालिकेची कधी आहे?" म्हटलं, २०२२ पासून लांबलीच आहे, कधी घेतात बघू. "घेऊ देत. ती झाल्याशिवाय मी कुठे जात नाही."

नोव्हेंबरात विधानसभेलाही तशीच चालत आली. महापालिकेची मात्र ती गेली तोवर झालीच नव्हती. मला तिला घेऊन जायचं होतं गं, त्याही रांगेत. ९३ च्या माणसाकडून मला आणखी हवं होतं, आणि अजूनही हवंय.