सागवानी दरवाज्यांच्या कडा ट्रिमरने गोल केल्या, माझा अनुभव

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे, आतले दरवाजे सागवानी, दिल्ह्यांचे, म्हणजे चौकटीत फळ्या बसवलेले. किती वेळा ऑइल पेंट मारला तरी कडेवरनं रंग उडायचाच. कारण साधं आहे, धारदार कडेवर ओला रंग टिकत नाही, दोन्हीकडं ओढला जातो आणि बरोबर कोपऱ्यावर थर पातळ पडतो. कड थोडी गोल असली की थर सारखा बसतो. शिवाय आईची कातडी आता पातळ झालीय, जाता येता कोपर घासलं की लगेच सालटं निघायचं. म्हणून रंगाच्या आधी कडाच गोल करायच्या ठरवलं.

सुतारमामा म्हणाले, "रंध्यानं मारून देतो की". पण मला सगळे दरवाजे एकसारखे पाहिजे होते म्हणून ट्रिमर घेतला, म्हणजे लाकडाच्या कडा कापायचं हातातलं छोटं मशीन, आणि त्यात बसणारी 3 मिमी रेडियसची बिट, म्हणजे फिरतं पातं, खाली कडेला टेकून पळणारं बेअरिंग असलेली. 6 मिमीची पण मिळते पण जुन्या घरातल्या दरवाज्याला तेवढी गोलाई मला बरी वाटत नाही, 3 मिमी लई झालं. लक्ष्मीपुरीच्या बाजारात बिट घेताना तिचा दांडा मात्र बघून घ्या. 6 मिमी आणि पाव इंच म्हणजे 6.35 मिमी असे दोन्ही मिळतात, दिसायला सारखेच. जाड दांडा 6 च्या कॉलेटात, म्हणजे मशीनच्या दांडा पकडायच्या तोंडात, जात नाही, आणि बारीक दांडा 6.35 च्या कॉलेटात घट्ट पकडला जात नाही, आणि मशीन 30,000 आरपीएमच्या आसपास फिरतं, मग काय होईल विचार करा.

कडेवरचा जुना रंग आधी खरवडून काढला, कारण बेअरिंग त्याच कडेवरनं पळतं आणि रंगाचा ओघळ असला की तो उंचवटा जसाच्या तसा गोलाईत उतरतो. खरवडताना मास्क लावाच. 90 पीपीएमच्या (दहा लाखात 90 भाग) वर शिसं असलेला घरगुती रंग बनवायला बंदी आली ती नोव्हेंबर 2017 पासनं, त्याआधीच्या रंगाची धूळ पोरांच्या आसपास अजिबात नको. खिळे पण बघून काढले.

दरवाजा सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडवा टाकला, कड आपल्या समोर, आणि मशीन डावीकडनं उजवीकडं. उलटं नेलं तर बिट लाकडाला धरून मशीनच पुढं पळवते. आधी वरची खालची बाजू, मग लांब बाजू, कारण आडव्या बाजूच्या शेवटाला उभ्या पट्टीचा कोपरा कधी कधी चिरफळतो, तो लांब बाजू मारताना साफ होतो. आणि एका जागी थांबायचं नाही, सागवान लगेच काळं पडतं. बिट किती खाली ठेवायची ते आधी लाकडाच्या तुकड्यावर मारून बघितलं, बिट जास्त खाली गेली की वर पायरी उमटते.

बिजागऱ्यांची बाजू सगळ्यात नाजूक. बिजागरी काढल्यावर तिथं खाच असते, बेअरिंग त्यात घसरलं की बिट आत घुसते. म्हणून पेन्सिलीनं खुणा करून खाचेच्या अलीकडंच मशीन उचललं, तेवढा भाग 120 नंबरच्या सँडपेपरनं हातानं घासला. तसंही बिजागरीचं पान कडेपर्यंत येतं, तिथं गोल केलं तर फट दिसते.

सनमायकाच्या दरवाज्याला हे करू नका, खालचं लाकूड उघडं पडतं.

नंतर सगळ्या कडांना 180 चा पेपर, प्रायमर, मग रंग. खालची कड दरवाजा लावायच्या आधीच दोन हात मारून घेतली, आपल्याकडच्या पावसात पाणी तिथनंच शिरतं आणि दरवाजा फुगून घासायला लागतो.