परदेशात टिप किती द्यायची? तुम्ही विचारलंत म्हणून

परदेशात निघालेलं कोणी भेटलं की हा प्रश्न मला हमखास येतो, "टिप किती द्यायची असते हो तिकडे?" परवा आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या वहिनींनी विचारलं, मुलीकडे डॅलसला चालल्यात, पहिल्यांदाच, जिन्यात उभ्याउभ्या नीट सांगता आलं नाही म्हणून लिहूनच काढतेय.

किती द्यायची ते नंतर, आधी समोरच्या माणसाचा पगार कोण देतंय ते बघा. अमेरिकेत टिप म्हणजे खुशी नाही, तो पगारच आहे. तिथल्या फेडरल कायद्याने टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही! टिप धरून किमान वेतनाचे ७.२५ डॉलर झाले नाहीत तर वरचे मालकाने भरायचे, असा नियम. टेक्सासमध्ये हेच चालतं, म्हणजे वहिनी जिथे चालल्यात तिथेच. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, पण टिपची पद्धत तिथेही तीच, टेबलावर बसून जेवलात की १८ ते २० टक्के.

काही वर्षांपूर्वी आम्ही आठ जण ग्रुपने गेलो होतो, एका छोट्या गावात जेवायला थांबलो. वाढणारी मुलगी विशी-बाविशीची असेल, आमच्यात कोणाला अंडं नको, कोणाला कांदा-लसूण नको, ती तीनदा आत जाऊन विचारून आली, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. शेवटी काळ्या फोल्डरमध्ये स्लिप आली, खाली दोन रिकाम्या ओळी असतात, एक टिपची आणि एक टोटलची, ते आपण पेनने भरायचं. ग्रुपमधल्या एका काकांनी टिपच्या ओळीवर सरळ आडवी रेघ मारली, म्हणाले जेवणाचे दिले की, आता आणखी कशाला. आम्ही गाडीपाशी पोचलो तर ती मागून आली, मला वाटलं पैसे मागायला आली, तर नाही, "माझ्याकडून काही चुकलं का?" एवढंच विचारायला. माझ्या पर्समध्ये वीस-वीसच्या दोन नोटा होत्या त्या तिच्या हातात दिल्या. गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. माझे बाबा डेक्कनवर एका हॉटेलात वेटर होते. बडीशेपच्या बशीत लोक जे सुट्टे ठेवायचे त्यावर आमच्या वह्या यायच्या, आणि महिनाअखेरीला दूधसुद्धा. त्यामुळे डॉलरला रुपयाने गुणून "बाप रे, एवढे?" म्हणणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, तो गुणाकार जेवायला जायचं ठरवतानाच करा, बिल आल्यावर नको. परवडत नसेल तर काउंटरवरून घ्या, तिथे स्क्रीन तुमच्याकडे वळवून टक्के दाखवतात पण नाही दिलं तरी चालतं.

जपानला बरोब्बर उलटं. क्योटोला एका छोट्या दुकानात नूडल्स खाल्ले आणि सवयीने थोडी नाणी वाटीशेजारी ठेवली, तर स्वयंपाक करणारे आजोबा कोपऱ्यापर्यंत धावत आले, दोन्ही हातांवर ती नाणी ठेवून, विसरलात म्हणून. तिथे छान वाकून थँक्यू म्हणा, पुरे.

युरोपात एवढी काळजी नको. फ्रान्समध्ये सर्व्हिस किमतीतच धरलेली असते, जर्मनीत पैसे देतानाच वरचा गोल आकडा सांगायचा. लंडनला बिलात बहुतेक १२.५ टक्के लावलेलेच असतात, मग वर वेगळे नकोत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच आहे की ते सगळे कामगारांनाच मिळाले पाहिजेत. हे वाचून मला खरंच फार बरं वाटलं होतं.

पुण्यातून ग्रुप टूरने जाणार असाल तर टिपचे पैसे बऱ्याचदा आधीच घेतात, पण ते कोणाकोणासाठी ते विचारून घ्या, ड्रायव्हर आणि गाइडचे असतात, खोली झाडणाऱ्या बाईचे बहुतेक नसतात. अमेरिकेत तिच्यासाठी रोज दोन ते पाच डॉलर उशीपाशी ठेवायचे, शेवटच्या दिवशी एकदम नाही, कारण रोज तीच बाई येईल असं नसतं. आणि आपली रुपयाची नाणी कोणालाच देऊ नका हो, आठवण म्हणून तर नाहीच, ती तिकडे कुठे बदलून मिळत नाहीत.

इथे पैसे बदलून घेताना शंभराच्याच नोटा हातात देतात, सुट्टे आवर्जून मागावे लागतात. माझ्याकडे मागच्या वेळच्या एक डॉलरच्या अकरा नोटा उरल्या होत्या, त्या रबर लावून काल वहिनींना नेऊन दिल्या. मुलगी त्यांना दोन रात्री ग्रँड कॅन्यनला नेणारे, हॉटेलातच राहणारेत.