मामीने बादलीभर पाणी ओतलं आणि गाडी चार्ज झाली

मे महिन्यात इलेक्ट्रिक गाडीने जळगावहून साक्रीला मामाकडे गेलो. एरंडोल, पारोळा, धुळे करत साधारण दीडशे किलोमीटर. बाहेर त्रेचाळीस अंश, एसी बंद करायची सोय नाही, त्यामुळे बॅटरीचे टक्के भराभर उतरत होते.

धुळ्याच्या अलीकडे ॲपमध्ये हिरवा दिसणारा चार्जर गाठला, तर स्क्रीन काळी. वॉचमन म्हणाला, "कालपासून बंद शे भाऊ." पुढच्या ठिकाणी चार्जर चालू, पण समोर डिझेलची जीप उभी आणि मालक आत शेवभाजीवर ताव मारतोय! तो हात धुऊन येईपर्यंत पंचवीस मिनिटं उन्हात. मग वीस टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत पाऊण तास. ऐंशीनंतर वेग मंदावतो, तिथे थांबण्यात अर्थ नाही.

साक्रीत मामाच्या अंगणात पाण्याच्या मोटारीचा पंधरा अँपियरचा सॉकेट होता. तीन किलोवॉटने रात्रभरात गाडी भरायला हवी. पण पोर्टेबल चार्जरचा लाल दिवा जाईना. अर्थिंग! म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत उतरवणारी जोडणी; ती नीट नसेल तर चार्जर सुरूच होत नाही. वायरमन सकाळी येणार होता. मामीने विचारलं, "तो खड्डा कोरडा पडलाय, त्यात पाणी टाकू का?" अर्थिंगची तार जिथे पुरतात तो मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात भेगाळला होता. तिने बादली ओतली, माती फसफसली, थोड्या वेळाने पुन्हा प्लग लावला आणि दिवा हिरवा.

सकाळी साडेसहाला शंभर टक्के. विजेचे पैसे मामाने घेतले नाहीत, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाची पिशवी मात्र डिकीत टाकली.