माळवदाचं घर अन् गेममधला लॅग
आजचा रविवार पुतण्याच्या गेमपायी गेला. दर दोन मिनिटाला पोरगं कळवळायचं, "काका, अटकलं बघा!" मला वाटलं नेटचा प्लॅन वाढवावा लागंल. पण स्पीड भरपूर होता. पिंगच (गेमच्या सर्व्हरकडं जाऊन उत्तर माघारी यायला लागणारा वेळ) 20 वरून 300 मिलिसेकंदांवर उड्या मारत होता.

परभणीतलं आमचं जुनं घर, राऊटर ओसरीत अन् मधी दोन हात रुंद दगडी भिंत. वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल त्या भिंतीतच जिरतो, 2.4 गिगाहर्ट्झवर सगळ्या गल्लीच्या वायफायची गर्दी. तिथं एकमेकांवर न चढणारे चॅनेल (सिग्नलच्या वाटा) तीनच: 1, 6, 11. आमचा 6 वरून 11 वर नेला, थोडा फरक पडला. शेवटी दारावरून सरळ लॅन केबलच ओढली. पिंग 18! पोराचा चेहरा असा खुलला म्हणता...

घरात कुणी व्हिडिओ अपलोड करायला लागलं की पिंग अजून चढतो. ते उद्या बघतो.