ललितपूरचं बालगृह, भक्तपूरची वीटभट्टी

मुलांसाठी काम करायला मी नेपाळला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा भाद्रपदात, ललितपूर भागातल्या एका बालगृहात तीन आठवडे. दुसऱ्यांदा पौषात, भक्तपूरच्या वीटभट्टीवर दीड महिना. पहिल्यासारखी खेप मी पुन्हा करणार नाही, आणि तुम्हीही करू नका असं कळकळीनं सांगते. दुसऱ्या कामाला मात्र सवड असेल त्यानं जरूर जावं.

माझी बावीस वर्षं बालवाडीत गेली, त्यातले काही हंगाम ऊसतोड कामगारांच्या साखरशाळेत. जूनमध्ये नवं पोर आईचा पदर सोडत नाही, आठवडाभर रडून वर्ग डोक्यावर घेतं. ललितपूरला मी पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच पाच वर्षांचा मुलगा येऊन मांडीवर बसला. मागोमाग दुसरा. पहिल्या दिवशी जीव भरून आला. तिसऱ्या दिवशी मनात खुटखुट सुरू झाली. परक्या माणसाला बघून लहान मूल आधी बिचकतं, आणि तसंच व्हायला हवं. ही मुलं बिचकतच नव्हती, कारण दर पंधरा दिवसांनी नवी ताई, नवा दादा येत होता आणि जात होता.

एका सात वर्षांच्या मुलीच्या सँडलचा पट्टा तुटला होता. दाभण आणि जाड दोरा घेऊन मी तो शिवत बसले. ती शेजारी उकिडवी बसून माझ्या हाताकडे बघत होती. पट्टा पक्का झाला तसा तिनं विचारलं, "मिस, कहिले जाने?" मी कधी जाणार, एवढंच तिला हवं होतं. माझं नाव तिनं विचारलं नव्हतं.

मग दशैं जवळ आला. दशैं म्हणजे आपलं नवरात्र-दसरा, नेपाळचा सगळ्यांत मोठा सण, थोरामोठ्यांच्या हातून टिका लावून घ्यायचा. 'अनाथ' म्हणून सांगितलेली मुलं मला सांगू लागली की बुवा न्यायला येणार, आमानं निरोप धाडलाय. बुवा म्हणजे वडील, आमा म्हणजे आई. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अर्ध्याहून जास्त खाटा रिकाम्या झाल्या होत्या. चालकांना विचारलं तर म्हणाले, घरी गरिबी आहे, इथं निदान शिकतील. मग त्यांना अनाथ का म्हणता, याला उत्तर नव्हतं.

परत आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागले. 1996 ते 2006 या यादवीच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल फिरत. काठमांडूत शाळेत घालतो म्हणून आईबापांकडून पैसे घेत आणि मुलांना बालगृहांत सोडत. काहींचे तर आईवडील वारल्याचे खोटे कागदही झाले. नेपाळात 77 जिल्हे, पण बालगृहं मुख्यतः काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाचांतच, म्हणजे जिथं परदेशी पाहुणे येतात तिथं. त्यांतल्या बहुसंख्य मुलांचे आईवडील, निदान दोघांतलं एक, हयात आहेत. 2015 च्या भूकंपानंतर सरकारनं परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली. 2018 च्या बालहक्क कायद्यानं संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय ठरवला. तरी आपण पैसे भरून जात राहिलो, तर खाटा भरायला कुणीतरी मुलं आणणारच.

माझ्याकडून दर आठवड्याचे पैसे घेतले, पण पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला नाही. तिथंच मी थांबायला हवं होतं. जी संस्था तुमची चौकशी न करता तुम्हाला मुलांच्या खोलीत सोडते, ती इतर कुणालाही सोडते. निघण्याआधी विचारा: मुलांचे आईवडील कुठे आहेत? घरी परत पाठवण्यासाठी काय करता? माझ्या जागी इथली बाई पगारावर का ठेवत नाही? उत्तर टाळलं तर तिकीट काढू नका. तिथं पोचल्यावर काही खटकलं तर बाल हेल्पलाइन आपल्यासारखीच, 1098.

वीटभट्टीवरचं काम मला साखरशाळेमुळे ओळखीचं वाटलं. रोल्पासारख्या डोंगरी जिल्ह्यांतून आणि तराईतून कुटुंबं येतात, काही आपल्या बिहार-उत्तर प्रदेशातूनही. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभराचा पाळणाघर-वर्ग. शिकवणारी बाई तिथलीच. मी तिच्या हाताखाली साहित्य करून दिलं, विटांच्या तुकड्यांवर अंक रंगवले, गाणी बसवली. मुलांना तिचा लळा लागावा म्हणून मी मुद्दाम मागं राहत होते. संध्याकाळी कपाळावर नाम्लोचा, म्हणजे ओझं वाहायच्या पट्ट्याचा वळ, हात कोपरापर्यंत लाल, अशा आया दारात यायच्या. पोरं हातातलं टाकून धावत सुटायची.

आता जाण्याचं. भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, 15 ते 65 वयाच्या माणसांना आधार कार्ड चालत नाही. मी मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेसनं गोरखपूर, तिथून सीमेवरचं सुनौली आणि पुढं बसनं काठमांडू गाठलं. पावसाळ्यात नारायणगड-मुग्लिन रस्त्यावर दरडी कोसळतात, तेव्हा विमानच बरं. भारतीय 100 रुपयांना नेपाळी 160 मिळतात. शंभराच्या नोटा जवळ असू द्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा. लिपी देवनागरीच असल्यानं पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात, बोलायला महिना जातो. पौषात खोल्या बर्फगार असतात, आणि भट्टीच्या धुरानं घसा धरतो, म्हणून लोकरी मोजे आणि चांगला मास्क हवाच. भट्ट्या साधारण कार्तिक-मार्गशीर्षात पेटतात आणि वैशाखानंतर माणसं गावी परततात. त्यामुळे तयारी दिवाळीआधी करा, पोलीस दाखल्याला वेळ लागतो.