साखळीवाला की सहीवाला?

२०२२ च्या एप्रिलमध्ये दाराच्या फटीतून एक कार्ड आत पडलं. इंग्लंडातल्या ब्रिस्टलला येऊन मला तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत होती आणि पासपोर्ट आपला निळाच. कार्डावर माझं नाव, मतदान केंद्राचा पत्ता, तारीख ५ मे. चुकून आलं असणार म्हणून फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकलं. लॅबमधली मैत्रीण म्हणाली, चुकून नाही. कॉमनवेल्थ देशांचे नागरिक इथं रीतसर राहत असले की त्यांना मत असतं. नाव नोंदवायचा फॉर्म मीच कधीतरी कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, कागदांसोबत भरून टाकला होता म्हणे.

आता गंमत बघा. कोल्हापूर महापालिकेची निवडणूक त्याआधी झाली होती २०१५ ला. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक बसले. मंगळवार पेठेत जन्मलेल्या बाईला स्वतःच्या गावात मत द्यायला निवडणूकच नाही, आणि साडेसात हजार किलोमीटरवर परके लोक घरी कार्ड पाठवून विचारतायत, बाई, आमच्या शहराचा कारभार कुणी करावा?

हे सार्वमत होतं, आणि प्रश्न खरोखर तेवढाच होता. शहर कुणी चालवायचं: लोकांनी थेट निवडलेल्या महापौरानं, की नगरसेवकांच्या समित्यांनी?

मी आप्पांना फोन लावला. आमचे आप्पा महापालिकेत एकतीस वर्षं लिपिक होते, त्यातली निम्मी नगरसचिवांच्या विभागात. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त लिहिणं हे काम. कोण काय बोललं, कोण उठून गेलं, कुणी राजदंड पळवला, सगळं त्यांच्या अक्षरात. त्यामुळं महापौर हा विषय निघाला की आमच्या घरी आईसुद्धा टीव्हीचा आवाज बारीक करते.

“कुठला महापौर म्हणतीस?” आप्पांनी विचारलं. “साखळीवाला का सहीवाला?”

ब्रिस्टलमध्ये तेव्हा दोन्ही होते. साखळीवाला म्हणजे लॉर्ड मेयर. झगा घालणार, गळ्यात सोन्याची साखळी, सभेचं अध्यक्षपद, शाळांचे कार्यक्रम, पाहुण्यांचं स्वागत. सहीवाला वेगळा, लोकांनी निवडलेला, त्याला साखळी नाही पण अंदाजपत्रक त्याचं, मंत्रिमंडळासारखी माणसं त्यानं नेमलेली, आणि चार वर्षं त्याला सभागृह हलवू शकत नाही. त्याशिवाय आजूबाजूचा प्रदेश धरून २०१७ पासून आणखी एक तिसरा महापौर, वाहतूक वगैरे बघणारा. शेजारच्या आजीबाईंना मी एकदा विचारलं होतं, यातला नेमका आपला कोण? त्या म्हणाल्या, ‘पत्र आलं की बघते खाली कुणाची सही आहे.’

आप्पा खूश झाले. “म्हणजे आपला महापौर तुमचा लॉर्ड मेयरच की. झगा नाही एवढंच.”

हे खरंच आहे, आणि इथल्या लोकांना पटवून देताना माझी दमछाक होते. साडेपाच लाखांच्या शहराचा महापौर म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कचा महापौर येतो. मी सांगते, आमच्याकडे कारभाराचे अधिकार कायद्यानंच आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. पैशाच्या नाड्या सोळा जणांच्या स्थायी समितीकडं. महापौरानं सभा चालवायची, समान मतं पडली तर आपलं निर्णायक मत द्यायचं. सभागृहानं एकमुखानं ठराव केला तरी कलम ४५१ खाली सरकार तो विखंडित करू शकतं. हा ‘विखंडित’ शब्द मी पहिलीत असल्यापासून ऐकतेय. घरात दुधाचं भांडं सांडलं तरी आप्पा म्हणायचे, विखंडित झालं.

आणि महापौरपद कुठल्या प्रवर्गाकडं जाणार याची चिठ्ठी निघते मंत्रालयात. मुदत अडीच वर्षांची. कोल्हापुरानं त्या अडीच वर्षांचंही काय केलं ते तुम्हाला माहीतच आहे. खांडोळी. याला सहा महिने, त्याला आठ महिने, नाराजांना तीन. २०१५ ते २०२० या एका सभागृहात आठ महापौर झाल्या. आप्पा सांगतात, फलकावर नावं लिहिणारा पेंटर म्हणायचा, शिडी इथंच ठेवून जातो साहेब, परत आणायला नको.

ब्रिस्टललाही कधीकाळी असलाच त्रास होता, हे मला वाचल्यावर कळलं. कौन्सिलचे नेते सारखे बदलायचे, आज एका पक्षाचा, उद्या दुसऱ्याचा, कुठलंच काम तडीला जाईना. मे २०१२ मध्ये इंग्लंडातल्या दहा शहरांत विचारलं गेलं, थेट निवडलेला महापौर हवा का? मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स सगळ्यांनी नाही म्हटलं. एकट्या ब्रिस्टलनं हो म्हटलं, ते पण ५३ टक्क्यांनी. पहिला महापौर निवडून आला जॉर्ज फर्ग्युसन. अपक्ष, धंद्यानं वास्तुविशारद, कायम लाल पँट. पगार त्यानं ब्रिस्टल पाउंडात घेतला. हे इथलं स्थानिक चलन होतं, गावातल्या दुकानांत चालायचं. हे ऐकल्यावर मामा म्हणाला, “आपल्याकडं पगार कशाला, बाकीचंच घेत्यात.”

मामा शिवाजी पेठेतला, तालमीत वाढलेला. त्याचं मत एका वाक्याचं: “राधानगरीचं धरण बांधताना महाराजांनी कुठल्या समितीला इचारलं होतं?”

कोल्हापुरात कुठल्याही चर्चेत हा हुकमाचा एक्का. यावर कोण काय बोलणार? शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला आले होते आणि ते परदेशात असतानाच २६ जुलैला पन्नास टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम करवीरच्या गॅझेटात निघाला. सभागृह असतं तर निघाला असता का? मला नाही वाटत. पहिल्याच बैठकीत उपसूचना आली असती.

आप्पांनी मामाला त्या दिवशी एकच उत्तर दिलं, “महाराज चांगले निघाले म्हणून तू हे बोलतोयस. वाईट निघाले असते तर तुला बोलू दिलं असतं का?” आणि मग टोलवर आले. टोलवर यायचेच ते.

टोलची गोष्ट बाहेरच्यांना नीट माहीत नसते म्हणून सांगते. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटरचे रस्ते खासगी ठेकेदाराकडून बांधून घ्यायचे आणि त्यानं टोल घ्यायचा, असा २२० कोटींचा प्रकल्प. शहराच्याच माणसानं शहरात शिरायला पैसे मोजायचे. २०१३ ला वसुली सुरू झाली आणि गाव पेटलं. एन. डी. पाटील ऐंशी ओलांडलेले, गोविंद पानसरे, मोर्च्यात बायका लाटणी घेऊन. २०१५ च्या अखेरीला टोल गेला. तोपर्यंत पानसरे आपल्यात नव्हते.

पण आप्पांचा मुद्दा निराळा होता. “सगळा गाव विचारत होता, सही कुणाची? महापौर म्हणतो, माझ्याकडं अधिकार नाहीत. नगरसेवक म्हणतात, प्रशासनानं टिपणी तशी ठेवली. प्रशासन म्हणतं, सभागृहानं ठराव केला. सरकार म्हणतं, करार महापालिकेनं केला. मी इतिवृत्त लिहिलंय बाळ, सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं. पण दोषी म्हणून लिहायला नाव कुठं मिळतंय?”

बारभाईंची खेती, काय लागेल हाती. मी त्या फोननंतर ठरवून टाकलं, महापौरच राहू दे. एक नाव, एक तोंड. चुकला तर चार वर्षांनी पाडू.

लॅबमधली मैत्रीण बरोबर उलट बाजूला. तिचा राग दुसऱ्या महापौरावर, मार्विन रीसवर होता. तेही लाल पँटवाल्याइतकेच प्रसिद्ध, आफ्रिकन-कॅरिबियन वंशाचे, युरोपातल्या मोठ्या शहरानं थेट निवडलेले तसे पहिलेच महापौर. भांडण एका मोठ्या सभागृहाचं होतं, अरीना म्हणतात तसलं. ते मुख्य रेल्वे स्टेशनच्या शेजारी व्हायचं ठरलं होतं. २०१८ ला नगरसेवकांनी मोठ्या बहुमतानं सांगितलं, तिथंच करा. महापौरांनी ऐकून घेतलं आणि रद्द केलं. आता ते गावाबाहेर फिल्टनला होणार, जिथं काँकॉर्ड विमानं बनायची त्या जुन्या हँगरमध्ये. अजून उघडलेलं नाही. “सत्तर नगरसेवक मग काय मांडून ठेवायला निवडलेत?” ती म्हणायची. मला तिच्या प्रश्नाचं उत्तर देता यायचं नाही. आपल्याकडं ठराव सरकार विखंडित करतं, यांच्याकडं महापौर एकट्याच्या खिशात करतो.

५ मे ला मी चर्चच्या हॉलमध्ये जाऊन मत दिलं. बोटाला शाई नाही. दोरीनं बांधलेली एक बुटकी पेन्सिल, तिनं चौकोनात फुली मारायची. आप्पांना सांगितलं तर त्यांना धक्काच बसला. “पेन्सिल? खोडता येतं की!” त्यांनी दोनदा विचारलं, खात्री आहे ना म्हणून.

मी हरले. समित्यांना ५९ टक्के मतं पडली. मतदान झालं शंभरातल्या जेमतेम २९ जणांचं, पण निकाल तो निकाल. मे २०२४ पासून ब्रिस्टलला निवडलेला महापौर नाही. साखळीवाला आहेच, त्याला कोण हात लावतंय! कारभार सगळ्या पक्षांच्या समित्यांकडं: वाहतुकीची वेगळी, घरांची वेगळी, मुलांची वेगळी.

या समित्यांबद्दल एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी. सभेच्या सुरुवातीला गावातल्या कुणालाही उभं राहून आपलं म्हणणं मांडता येतं, आधी लिहून पाठवलं की झालं. मी एकदा गेले, मैत्रिणीबरोबर. आमच्या पुढं एक सोमाली बाई होत्या, बार्टन हिल भागातल्या. तिथं गल्ल्यांतून आरपार जाणारी वाहतूक बंद करायला कुंड्या आणि खांब बसवलेत. काहींना ते हवंय, मुलं रस्त्यावर खेळतील म्हणतात. काहींची आजारी माणसं गाडीतून लांबचा फेरा घेतायत. मोर्चे झाले, कुंड्या बसवायला पोलीस बोलवावे लागले. त्या बाईंचा आवाज चढलेला नव्हता. त्या एवढंच विचारत होत्या, हे ठरवलं कुणी? कुणीतरी उत्तर दिलं, जुन्या कारभारात योजना मंजूर झाली, नव्या समितीनं पुढं नेली, आणि पैसा प्रदेशाच्या महापौरांच्या संस्थेमार्फत आला. एकही शब्द खोटा नसावा. त्या खाली बसल्या आणि कागदाची घडी घालत राहिल्या, चार, आठ, सोळा.

मला आमच्या स्वयंपाकघरात बसलेले आप्पा आठवले. नाव कुठं मिळतंय.

प्रशासकाच्या काळात मात्र आप्पांचा एक जुना सहकारी छातीठोक सांगायचा, “आता बघ कशी कामं होत्यात, मध्ये कोणी लुडबुडणारा नाही.” काही झालीही. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत गावात आलं. पण ती योजना काय प्रशासकानं आणली? त्यासाठी गाव तीस-चाळीस वर्षं ओरडत होतं. आणि पाच वर्षं एकाही नगरसेवकाच्या दारात जाता येत नाही, म्हणजे आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं तर आप्पांसारख्या माजी लिपिकाच्या ओळखीवर हलायचं. ज्यांचं कुणी महापालिकेत नव्हतं त्यांनी काय केलं असेल? सगळ्यात जास्त अधिकार असलेला माणूस आम्हाला त्या पाच वर्षांत मिळाला होता, आणि त्याला आम्ही निवडलंच नव्हतं.

सगळ्यात विनोदी गोष्ट कोल्हापूरच्या वेशीवर आहे. पाचगावच्या माणसाला सरपंच थेट निवडता येतो. कागलच्या माणसाला नगराध्यक्ष थेट निवडता येतो (सरकार बदललं की ही पद्धत जाते आणि परत येते, २०२० ला गेली, २०२२ ला आली). इचलकरंजीनं २०१६ ला नगराध्यक्ष थेट निवडला, २०२२ ला त्यांची महानगरपालिका झाली आणि तो हक्क गेला. बढती मिळाली आणि मत गेलं! कोल्हापूरची हद्दवाढ १९७२ ला महापालिका झाल्यापासून इंचभर झालेली नाही. गावं शहरात यायला नको म्हणतात, घरपट्टी वाढेल, शेती जाईल म्हणून. ती कारणं खरीच. पण उद्या उचगाव शहरात आलं तर तिथल्या म्हातारीच्या हातातलं सरपंचाचं बटणही जाणार, हे कुणी बोलताना ऐकलं नाही.

२०२६ च्या १५ जानेवारीला कोल्हापुरात अखेर मतदान झालं. आप्पा सकाळी साडेसातला रांगेत. प्रभागात चार नगरसेवक, म्हणजे चार बटणं. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बोटाची शाई दाखवली.

“चारी दाबली?”

“दाबली. पाचवं शोधत होतो.”

“कसलं पाचवं?”

“महापौराचं.” आप्पा हसले नाहीत. “केंद्रावरच्या पोरीला विचारलं, तर ती म्हणाली, आजोबा, ते आत ठरतं.”

मागून मामा ओरडला, “तिला सांग, तिकडची पेन्सिल पाठवून दे एक.”